क्रेन कुणी थांबवली?

१

कारभारी पालवे मेला तेव्हा त्याच्या हातात नारळ होता.

नागापूर एमआयडीसीत महेंद्रशेठचा प्रेस शॉप आहे. तिथे नवी डाय आली होती. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, वजन दीड टन. नवी डाय प्रेसवर चढवण्याआधी तिला देवासमोर नेतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि मगच कामाला लावतात. त्याप्रमाणे छताखालच्या क्रेनला लटकवून डाय पूर्वेच्या भिंतीवरच्या देव्हाऱ्याकडे निघाली. देव्हाऱ्याखाली ताट घेऊन कारभारी उभा होता. भिंत जवळ आली आणि क्रेन एकाएकी थांबली. क्रेन थांबते, पण साखळीला लटकलेलं वजन थांबत नाही. डायने झोका घेतला, तिचा कोपरा भिंतीच्या लोखंडी खांबात अडकून बसला आणि कारभारी डाय आणि भिंत यांच्यामध्ये सापडला.

क्रेन रिमोटवर चालवत होता वाल्मिक ढाकणे, कारभारीचा सख्खा मेहुणा. पोलिसांनी त्याच्यावर हलगर्जीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा नोंदवला. शेठचं म्हणणं सोपं होतं. वाल्मिकचा मोबाईल वाजला, तो काढायच्या नादात रिमोटचं लाल बटण दाबलं गेलं, क्रेन थांबली. कारभारीची बायको लंकाबाई ही वाल्मिकची थोरली बहीण. तिने ते मानलं. नवऱ्याच्या तेराव्याला भाऊ दारात आला तर तिने त्याला उंबऱ्यातून परत पाठवलं.

मी राजेश्वरी दरंदले. विजेवर चालणारं प्रत्येक यंत्र आजूबाजूला रेडिओ लहरी फेकतं. त्या किती फेकाव्यात याचे नियम असतात, आणि ते कुणीच पाळत नाही. ते मोजण्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षं गेली. आता यंत्राने घोटाळा केला की माणसाने, असा प्रश्न पडला म्हणजे विमा कंपन्या मला बोलावतात. या वेळी कंपनीच्या कोवळ्या अधिकाऱ्याने फोनवरच सांगून टाकलं की ऑपरेटरची चूक आहे, मॅडम, तीन ओळी लिहून द्या. माणूस मेल्यावर तीन ओळी पुरतात असं वाटणाऱ्या लोकांचं मला आता आश्चर्यही वाटत नाही.

मी आधी वाल्मिकला भेटले. तो कामावरून काढलेला, कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसून असायचा. मी विचारलं, फोन वाजला होता का?

"शेठ म्हनत्यात वाजला. मला त्या येळचं नीट आठवंना. मॅडम, मला बी आता वाटाया लागलंय, माझंच बोट लागलं आसंल."

ज्याला वाचवायचं, तोच कबूल व्हायला निघाला होता.

२

महेंद्रशेठच्या केबिनमध्ये चार संतांच्या तसबिरी, दोन एसी आणि एक खुर्ची होती, तीही त्याचीच. मला बसायला प्लास्टिकचं स्टूल आलं. शेठने रिमोट माझ्यापुढे ठेवला आणि त्यावरचं स्टिकर दाखवलं. म्हणाला, सगळं सर्टिफाइड आहे, आपल्याकडे दोन नंबरचं काही नसतं. ज्याने स्वतःहून हे सांगितलं त्याच्याकडे पहिल्या नंबरचं काही असतं का, हे तपासायची माझी जुनी सवय आहे.

रिमोट मात्र खरोखर चांगला निघाला. क्रेनच्या रिमोटसाठी सरकारने रेडिओ लहरींची एक मोकळी पट्टी ठेवली आहे. परवाना लागत नाही, अट एवढीच की तुम्ही कुणाला त्रास द्यायचा नाही आणि तुम्हाला झाला तर संरक्षण मागायचं नाही. चांगला रिमोट सिग्नल तुटताच क्रेन थांबवतो. म्हणजे क्रेन दोन कारणांनी थांबू शकत होती. वाल्मिकने लाल बटण दाबलं, किंवा कुणीतरी सिग्नल बुडवला.

सुपरवायझर गोरक्षनाथ मला शेडमध्ये घेऊन गेला. शेठ जे बोलतो ते दुसऱ्यांदा बोलण्यासाठीच हा पगार घेतो, हे लगेच कळलं. त्याने क्रेन देव्हाऱ्यापर्यंत पुन्हा पुन्हा नेऊन दाखवली. ती कुठेच अडखळली नाही. देव्हारा भिंतीवर उंच, क्रेनच्या जवळजवळ पातळीला, आत शिर्डीच्या साईबाबांची तसबीर आणि एक लाल बल्ब. मी त्याच्याखाली उभी असताना विमा कंपनीच्या त्या कोवळ्या साहेबाचा फोन आला आणि अहवाल झाला का म्हणून त्याने विचारलं. आवाज खणखणीत येत होता. मी त्याला नको ते सुनावलं आणि फोन ठेवला.

गोरक्षनाथाने प्रसंग सांगितला. रिंग त्याने कानांनी ऐकली, वाल्मिकने खिशात हात घातला हे डोळ्यांनी पाहिलं. मी रिमोट हातात घेतला. त्याचं लाल बटण एकदा दाबलं की दबलेलंच राहतं, पिळून वर काढावं लागतं. मी विचारलं, मग ते नंतर पिळलं कुणी? क्रेन मागे घेतल्याशिवाय कारभारीला बाहेर काढलं कसं?

"धावपळीत लक्षात नाही मॅडम," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलला.

बाहेर पडले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. प्लॉटच्या मागच्या अंगाला पॅकिंगचं छोटं शेड आहे. तिथल्या बायका कंपाउंडच्या भिंतीपलीकडे रणरणत्या उन्हात उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. सावली सोडून उन्हात का, असं मनात आलं खरं, पण मी ते सोडून दिलं.

मागून गोरक्षनाथ पळत आला. "मॅडम, एक राहिलं. पश्चिमेच्या भिंतीपलीकडे शेजारच्या प्लॉटवाल्या श्रीमंतचं मशीन आहे. ते चालू झालं की आमच्या ऑफिसातला रेडिओ खरखरतो."

३

श्रीमंतच्या शेडमध्ये शिरण्याआधीच माझ्या यंत्राने बोंब मारली. हे यंत्र म्हणजे हातात मावणारा पडदा आणि त्याला जोडलेला अँटेना. हवेतल्या लहरी त्यावर डोंगरासारख्या उभ्या राहतात. इथे आख्खा सह्याद्री उभा राहिला.

श्रीमंत प्लास्टिकच्या ताडपत्र्या जोडायचा. त्याचं मशीन रेडिओ लहरींनीच प्लास्टिक वितळवतं, म्हणून ते पत्र्याच्या जाळीत बंद असायला हवं. जाळी बाहेर अंगणात पडली होती आणि तिच्यावर कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. मी विचारलं तर श्रीमंत कौतुकाने सांगू लागला की जाळी काढल्यापासून काम किती झपाट्याने उरकतं. आजूबाजूला त्रास होतो का, असं विचारलं तर म्हणाला, "मला तर काय बी होत न्हाई."

या एका वाक्यात आपल्या देशातली सगळी नियमपालनाची पद्धत आली. गोरक्षनाथ माझ्या मागे उभा राहून खूश झाला होता. शेठलाही बातमी पोचली असावी, कारण तो स्वतः चालत आला आणि हळहळल्यासारखं करत म्हणाला, "बघा, शेजाऱ्याच्या बेफिकिरीने आमचा माणूस गेला."

सकाळपर्यंत लाल बटण दाबणारा वाल्मिक दोषी होता. आता शेजारी चालणार होता. शेठला कुणीही चाललं असतं.

श्रीमंत गुन्हेगार होताच, त्याच्याविरुद्ध मी वेगळं लिहिलंही. पण कारभारीचा जीव त्याने घेतला नव्हता. त्याचं मशीन पश्चिमेच्या भिंतीला चिकटून आहे आणि शेठचा कच्चा मालही त्याच भिंतीशी उतरतो. क्रेन तिथे दिवसभर येऊन वजनं उचलते आणि कधी अडत नाही. जी खरखर हाताच्या अंतरावर क्रेनला थांबवू शकत नाही, ती शेडच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या भिंतीशी, कशी थांबवेल?

म्हणजे जे काही होतं ते देव्हाऱ्याच्या बाजूला होतं. आणि मी पाहिलं तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

४

चहाची टपरी बायडाबाईची. बाई तोंडाने तिखट. मी चहा घेतला, फोनवरून पैसे दिले, आणि टपरीवरच्या साउंड बॉक्सने पैसे आल्याचं ओरडून सांगितलं. बायडाबाईने त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

"बोलाया लागलं एकदाचं," ती म्हणाली. "दिवाळीपास्नं मुकं हुतं. शिफ्ट सुरू झाली की बंद, सुट्टीच्या दिशी चालू. डब्याच्या कंपनीचा पोरगा येऊन दोनदा बदलून गेला. आन् कारभारी गेला त्या दिसापास्नं आपलं आपन बोलाया लागलं."

तिच्या मते कारभारीचा आत्मा त्या डब्यात अडकला होता. मी तिला विरोध केला नाही. मी तिला विचारलं, कंपनीतले लोक फोन कुठून करतात? ती म्हणाली, दिवाळीपासून आत कुणालाच रेंज मिळत नव्हती, पत्र्याचं शेड आहे ना, म्हणून सगळे सुट्टीत टपरीवरच यायचे. त्यामुळे तिचा धंदा वाढला होता.

पत्र्याचं शेड दिवाळीआधीही पत्र्याचंच होतं. आणि त्याच शेडमध्ये, देव्हाऱ्याखाली उभी राहून, मी विमा कंपनीच्या साहेबाला शिव्या घातल्या होत्या.

बाकावर वाल्मिक बसला होता. मी त्याला म्हटलं, बटण-बोट सगळं विसर. क्रेन थांबल्यानंतरचं सांग. दाजी सापडले, मग तू काय केलंस?

तो चहाच्या ग्लासकडे बघत बोलला. "मी उलटं बटन दाबत हुतो, मॅडम. रिमोटचा दिवा हिरवाच हुता. पन क्रेन हालंना. दाजी माझ्याकडं बघत हुते. सगळे दाजीकडं पळाले. गोरखभाऊ तेवढे बटनांच्या बोर्डाकडं पळाले. मंग देवाचा लाल दिवा इझला, आन् दिवा इझल्याबरुबर क्रेन मागं आली. समदे म्हनत्यात, देवानंच सोडवलं, पन उशीर झाला."

देवाने सोडवलं म्हणे. मी उठले आणि चहा तसाच ठेवून शेडकडे निघाले.

५

मी शिडी मागितली. गोरक्षनाथ म्हणाला, देव्हाऱ्याला इथे कुणी हात लावत नाही, पूजा तो एकटाच करतो. मी त्याला सांगितलं की मी आंघोळ करून आले आहे, आणि वर चढले.

तसबीर बाजूला केली. मागे उदबत्तीच्या काजळीचा थर होता आणि त्या काळ्या थरात एक स्वच्छ चौकोन, विटेएवढा. तिथे बरेच दिवस काहीतरी ठेवलेलं होतं आणि नुकतंच काढलेलं होतं. चौकोनाच्या मागे फळीला भोक पाडून एक छोटा पंखा बसवला होता, गरम हवा बाहेर काढणारा. साईबाबांना उकडतं म्हणून तो बसवला नसावा. चौकोनाशेजारी तीन पिनांचं सॉकेट होतं. त्याची वायर आणि लाल बल्बची वायर एकत्र होऊन खाली बोर्डावरच्या एकाच बटणाला जात होती.

मी खाली उतरले. आता काय होतं हे मला कळलं होतं, पण काजळीतला चौकोन न्यायालयात उभा राहत नाही. वस्तू हवी होती. शहाण्या माणसाने ती केव्हाच मुळा धरणात टाकली असती. पण महेंद्रशेठला मी एवढ्यात ओळखू लागले होते. विकत घेतलेली वस्तू, माणूस मेला म्हणून, हा माणूस फुकट जाऊ देणार नव्हता.

आणि मग मला उन्हात उभ्या राहिलेल्या बायका आठवल्या.

मी यंत्र सुरू केलं आणि पॅकिंग शेडकडे चालू लागले. गोरक्षनाथ मागून येत होता, तो मधेच थांबला. पडद्यावर मोबाईलच्या पट्टीत एक जाडजूड भिंत उभी राहू लागली होती. ती मोबाईलची पट्टी ओलांडून शेजारच्या क्रेनच्या पट्टीतही पसरली होती. दरवाज्यात पोचले तशी माझ्या फोनची रेंज गेली.

पॅकिंग शेडमध्येही एक देव्हारा होता. तो कोरा करकरीत, गेल्या पंधरवड्यातला, आणि त्याच्या मागे पंखा फिरत होता.

६

मी सगळ्यांना मोठ्या शेडमध्ये बोलावलं. शेठ आला, गोरक्षनाथ आला, विमा कंपनीचा साहेबही आला, कारण त्याला तीन ओळी न्यायच्या होत्या. लंकाबाई आधीपासून आली होती. नवऱ्याचे कामाचे कपडे आणि डबा न्यायला तिला बोलावलं होतं, आणि ती पिशवी मांडीवर धरून भिंतीशी बसली होती. वाल्मिकला आत यायला बंदी, तो गेटबाहेर.

पॅकिंग शेडच्या देव्हाऱ्यामागून काढलेली ती वस्तू मी टेबलावर ठेवली. काळा डबा, वर बुटक्या अँटेनांची रांग. यावरही स्टिकर होतं, तेही रिमोटवरच्यापेक्षा मोठं आणि चकचकीत.

"हा जॅमर आहे," मी म्हणाले. "आजूबाजूचे मोबाईल बंद पाडतो. खाजगी माणसाला वापरायला कायद्याने बंदी आहे. कामगार कामाच्या वेळी मोबाईल बघतात म्हणून दिवाळीत शेठनी हा आणला आणि देवाच्या मागे लपवला, कारण तिथे कुणी हात लावत नाही. स्वस्तातला माल असल्यामुळे तो मोबाईलच्या पट्टीबाहेरही घाण फेकतो. एरवी क्रेन त्या भिंतीकडे जातच नाही, म्हणून काही बिघडलं नाही. नवी डाय आली, पूजेसाठी क्रेन वजन घेऊन पहिल्यांदाच देव्हाऱ्याजवळ गेली, आणि रिमोटचा आवाज तिला ऐकू येईनासा झाला. क्रेन शेठच्या डब्याने थांबवली."

शेठ म्हणाला की हे सगळे अंदाज आहेत, गोरक्षनाथाने रिंग स्वतः ऐकली आहे.

"हा डबा चालू असताना या शेडमध्ये कुणाचाही फोन वाजू शकत नाही," मी म्हणाले. "दिवाळीपासून वाजलेला नाही. तो त्या दिवशी वाल्मिकसाठी खास वाजला का?"

विमा कंपनीच्या साहेबाने वही बंद केली. मी गोरक्षनाथाकडे वळले.

"वाल्मिकने लाल बटण दाबलं असतं, तर देवाचा दिवा घालवून क्रेन हलली नसती. तुम्ही बोर्डावर क्रेनचा मेन स्विच पाडला असता, तर ती मुळीच हलली नसती; तुम्ही पाडलं ते दिवा आणि डबा यांचं एकच बटण. माणूस भिंतीशी अडकलेला असताना सगळे त्याच्याकडे पळाले आणि तुम्ही देवाचा दिवा बंद करायला पळालात. क्रेन कशाने थांबली हे त्या क्षणी या शेडमध्ये फक्त तुम्हाला माहीत होतं."

गोरक्षनाथ खाली बसला. शेठने त्याला गप्प राहायची खूण केली, पण आता उशीर झाला होता. त्याने सगळं सांगून टाकलं. डाय येण्याआधी शेडची साफसफाई झाली, तेव्हा रिकामी क्रेन त्या भिंतीशी दोनदा अडकली होती. गोरक्षनाथाला संशय आला होता. पूजेपुरता डबा बंद ठेवू का, असं त्याने शेठला विचारलंही होतं.

"शेठ म्हनले, पूजेच्या टायमालाच चालू पायजे," तो जमिनीकडे बघत बोलला. "न्हाई तर पोरं फोन काढून लाइव्ह करत्याल. दुसऱ्या पार्ट्यांना आपली डाय दिसंल."

आणि लोकांनी नुसतं चित्रण करून घरी जाऊन टाकलं असतं, तर हा डबा त्यांना अडवूच शकला नसता. ते शेठला ठाऊक नव्हतं. ज्या वस्तूने त्याने माणूस मारला, ती काय करते आणि काय करत नाही, हेही त्याने कधी समजून घेतलं नव्हतं. एवढं अज्ञान आणि एवढी हाव एकाच शर्टात कशी मावते याचं मला नवल वाटलं. तो वकिलाला फोन लावू लागला. मी डबा बंद केला होता, त्यामुळे फोन लागला.

लंकाबाई उठली. ती शेठकडे गेली नाही. ती गोरक्षनाथासमोर येऊन उभी राहिली.

"तुमाला तवाच ठावं हुतं?"

त्याने मान डोलावली.

"तेराव्याला तुमी माझ्या घरी पंगतीला बसलात," ती म्हणाली. "मी सोताच्या हातानं तुमाला वाढलं. तुमी पुरनपोळी मागून घितली. आन् त्याच येळंला माझा भाऊ दारात उभा हुता, त्याला मी माघारी लावला. तुमी बघत हुता."

लंकाबाईने पिशवी काखेत घेतली, पदर सारखा केला आणि वाल्मिकला बोलवायला ती गेटकडे चालू लागली.